पेल्यावरचं नाव

पेला माझ्या हातात होता, पाणी अर्धं पिऊन झालेलं, आणि पेल्यावर नाव दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. समोर आमचे हे पैशाच्या बॅगेची चेन उघडत होते. चिऊ, माझी मुलगी, तीन वर्षांची, बिस्किटासाठी माझा ड्रेस ओढत होती. बाहेर गॅलरीत सासरे एजंटशी हसून बोलत होते. आणि जिची खोली आम्ही घ्यायला आलेलो ती काकू पदराला हात पुसत मला विचारत होती, "आणखी पाणी देऊ का गं?" कागदावर काकूचं आडनाव एक. पेल्यावर दुसरं. आणि चेन उघडलीसुद्धा.

थांबा, असं कोणाला काही कळणार नाही. पहिल्यापासून सांगते.

आमचे सासरे, मी त्यांना पप्पा बोलते, ते पोलिसातून फौजदार म्हणून रिटायर झाले. मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी त्यांची एक जुनी केस छापून येते, लोक आवडीने वाचतात. ह्या वर्षी मंडळाची माणसं घरी आली तर पप्पा बोलले, यंदाची केस सूनबाई लिहील, आरोपी तिने पकडलाय. मी बोलले पप्पा, मी नववीत शाळा सोडली, मला कुठलं लिहायला जमतंय. तर बोलले, जबाब देतेस तसं लिही. जे बघितलं ते, जे ऐकलं ते, मनाचं काही घालायचं नाही आणि कोणाचं नाव घालायचं नाही. म्हणून नावं नाहीत. चिऊचं आहे, पण ते घरातलं आहे.

तर आम्ही तेव्हा पोलीस लाइनीत राहायचो, पप्पांच्या क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायला लागते. पप्पांनी मुदत वाढवून घेतलेली, ती पण संपत आलेली. आमचे हे परळला हॉस्पिटलात वॉर्डबॉय, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. माझं माहेर माझगावला. चिऊ नुकतीच बालवाडीत जायला लागलेली, आणि रडायची थांबलेली. सगळे नातेवाईक बोलत होते बदलापूरला जा, विरारला जा, मोठी जागा मिळेल. पप्पा ऐकून घ्यायचे. मग रात्री जेवताना एकदम बोलायचे, "तिकडे मला कोण ओळखतंय?" बस, एवढंच. मला कसंतरी व्हायचं. सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं बाहेरच होतं ना, सकाळचा कट्टा, पेपर, चहावाला.

म्हणून ठरलं, पागडीची खोली बघायची. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पागडीच्या खोलीचं भाडं जुन्या काळातलं, नावापुरतं, आणि मालक मनात येईल तसं वाढवू शकत नाही. पण ती घ्यायची तर जो आधी राहतोय त्याला पैसे द्यायचे, त्यातला वाटा मालकाला जातो, आणि मग मालक भाडेपावती आपल्या नावावर करतो. मालकाने पावती केली तर खोली आपली. नाही केली तर आपण घुसखोर. सगळा खेळ तिथेच आहे.

पप्पा खोली बघायला गेले की खोलीकडे बघायचेच नाहीत. जिना बघायचे, मीटरचा बॉक्स बघायचे, खालच्या इस्त्रीवाल्याकडे उगाच शर्टाचा भाव विचारत उभे राहायचे. सकाळी पाण्याच्या टायमालाच जायचे, का तर तेव्हा माणसं खरं बोलतात, खोटं बोलायला वेळच नसतो कोणाला. ठाकूरद्वारला एका वाडीत गेलो तर एजंट बोलला दोन खोल्या आहेत. दुसरी खोली म्हणजे पोटमाळा, वर मी वाकून पण उभी राहीना. पप्पा बोलले, "ही खोली चिऊ मोठी होईपर्यंत चालेल." गिरगावात एक खोली छान होती, उजेड, वारा, पण तिच्यावर हक्क तीन भावांचा, आणि तिघं तीन वेगवेगळ्या लोकांना विकत होते. एका ठिकाणी तर भिंतीला बांबूचे टेकू, आणि बाई बोलते, "ते डेकोरेशनचे राहिलेत." मी आणि पप्पा जिना उतरेपर्यंत हसत होतो.

हसायचो खरं, पण दिवस जात होते.

मग खबर आणली आमच्या ह्यांनी. पप्पा खबरच बोलतात. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एक माणूस चहाला यायचा, खोल्यांची एजंटगिरी करायचा आणि रंगकामाची कामं पण घ्यायचा. गोड बोलायचा. त्याने सांगितलं, लालबागला चाळीत दुसऱ्या माळ्यावर खोली आहे, दोन खिडक्या, विधवा काकू एकटी राहते, मुलगा सुरतेला बोलावतोय, तिला लवकर सुटायचंय. आम्ही बघायला गेलो. खोलीला ताजा रंग लागलेला, फिकट पिवळा. मी दारातच उभी राहिले. खिडकीतून ऊन असं जमिनीवर पडलेलं, चिऊ त्या उन्हात जाऊन बसली आणि उठेचना. मला तर तिथेच वाटलं, झालं, हीच.

दिवस शिमग्याचे होते. लालबाग-परळच्या चाळीत कोकणातली माणसं किती, तुम्हाला माहीत आहे. शिमग्याला पालखी घरी येते, गावाला जायलाच लागतं. त्या माळ्यावरची सगळी दारं कुलूपबंद. एजंट बोलला, "साहेब, आता शांत आहे तोवर बघून घ्या, माणसं परत आली की गिऱ्हाईकांची लाइन लागेल." पप्पांना विचारायला शेजारीच नाही. इस्त्रीवाला पण गावाला. मालकाचा मेहताजी, म्हणजे पावत्या फाडणारा कारकून, होळीला गेलेला, आल्यावर सही करणार. भाडेपावत्या होत्या, लाइट बिल होतं, सगळं काकूच्या मिस्टरांच्या नावावर. पप्पांनी चष्मा लावून एकेक कागद उजेडात धरून बघितला. घरी येऊन बोलले, "कागद तर बरोबर दिसतायत." पण पानात भात तसाच ठेवून उठले. क्वार्टरची मुदत त्यांना पण दिसत होती ना.

ठरलं. टोकन द्यायचं, बाकीचं मेहताजी आल्यावर. टोकन पण आमच्यासाठी काही कमी नव्हतं, त्यात माझ्या आईने दिलेल्या बांगड्या मोडून आलेले पैसे पण होते.

तर तो दिवस. चिऊला तहान लागलेली. खोलीत रंगकामामुळे सगळं सामान मधे ढकललेलं, भांड्यांच्या मांडणीवर जुनी चादर टाकलेली. काकूने चादरीखाली हात घालून एक स्टीलचा पेला काढला, पाणी भरलं, चिऊने दोन घोट घेतले, उरलेलं मी प्यायला घेतलं. आणि सवयीने पेला फिरवला.

सवय कसली ते सांगते. माझगावला आमच्या चाळीत सत्यनारायण असला, हळदीकुंकू असलं, कोणाचं बारसं असलं, की भांडी सगळ्या घरातली गोळा व्हायची. म्हणून तर आपण भांड्यांवर नाव घालून घेतो, दुकानात मशीन असतं ना, टरर करत टिंबाटिंबाने नाव काढतात. कार्यक्रम झाला की ज्याची भांडी त्याला नेऊन द्यायचं काम माझं. लहान होते तेव्हापासून. पुस्तक मला नीट वाचता आलं नाही कधी, पण भांडं मी अंधारात बोट फिरवून वाचीन. आहेराचं असेल तर त्यावर सप्रेम भेट असतं, नाहीतर अमक्याकडून असतं. घरच्यावर नुसतं नाव असतं. ह्या पेल्यावर नुसतं नाव होतं. सौ. लावून बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. काकूचं एकही नाही.

मी परत एकदा बोट फिरवून वाचलं. मग मलाच वाटलं, अगं वेडे, शेजारचा पेला राहतो की कधीकधी. आमच्याकडे नाही का लाइनीतल्या वहिनींची वाटी दिवाळीपासून पडलेली? एका पेल्यावरून कोणाला चोर कसं बोलायचं? आणि मी बोलणार कोण, सून, नववी शिकलेली. खोली गेली तर सगळे बोलणार, हिच्यामुळे गेली. पप्पा बोलणार नाहीत, पण बाकीचे बोलणार. मी चिऊला घेऊन खालीच बसले.

चिऊ बोलली, "बिस्कीट."

मी बोलले, "काकू, एक वाटी द्या ना, पाण्यात बुडवून खाते ती."

काकूने वाटी दिली. मी फिरवली. तेच नाव.

"काकू, ताटली पण द्या ना, सांडते ती."

आमचे हे बोलले, "अगं घरी खाईल ना, पिकनिकला आलीयस काय?"

ताटलीवर तेच नाव. मी बोलले, "चमचा आहे का काकू?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. काकू बोलली, "लई भांडी लागतात बाई तुझ्या लेकीला," पण हसून बोलली, आणि बिस्किटाचा अख्खा पुडा चिऊपुढे ठेवला. चमच्याच्या दांडीवर जागा कमी, म्हणून नुसतं आडनाव. तेच.

तरी माझं मन बोलत होतं, नसेल गं, असेल काहीतरी. तेवढ्यात पेला परत भरायला मी मोरीजवळ गेले आणि बघितलं पाण्याचं पिंप. स्टीलचं, नळवालं, माझ्या कमरेएवढं. त्यावर मोठ्या अक्षरात तेच नाव. पेला शेजारचा राहतो, वाटी राहते. पिंप कोण ठेवून घेतं शेजाऱ्याचं?

ह्यांना सांगायची सोय नव्हती, काकू मधेच उभी. मी पेला भरला आणि गॅलरीत गेले. "पप्पा, पाणी घ्या." पप्पा बोलले, "नको गं." मी बोलले, "घ्याच." आणि पेला असा धरला की नाव त्यांच्याकडे आणि माझा अंगठा नावाच्या बरोबर खाली. पाणी हिंदकळून त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. पप्पांनी पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावरची रेघ पण हलली नाही. सगळं पाणी प्यायले, मिशी पुसली आणि बोलले, "पाणी गोड आहे इथलं. घरातलं सगळं पाणी असंच आहे का?"

मी बोलले, "सगळं असंच आहे पप्पा. पिंपापर्यंत."

मग त्यांनी ह्यांना हाक मारली. "बॅग घेऊन बाहेर ये रे. एजंटसाहेबांना मीटर दाखवायला सांग, मी जरा आत बसतो, गुडघा दुखतोय." पप्पा नेहमी सांगतात, दोघांना एकत्र कधी विचारायचं नाही. एकत्र असले की एकाचं खोटं दुसरा उचलून धरतो. वेगळे केले की दोघं आपापलं खोटं शिवत बसतात, आणि दोन शिलाया कधी जुळत नाहीत. जाता जाता त्यांनी एजंटला पेला दाखवून सहज विचारलं, "हे नाव कोणाचं हो?" तो पटकन बोलला, "काकूचं माहेरचं साहेब. लग्नातली भांडी." असं बोलला आणि मीटर दाखवायला गेला.

मी मनात बोलले, माहेरच्या नावात नवऱ्याचं नाव कसं असेल रे मेल्या.

पप्पा आत आले, खुर्चीवर बसले, चिऊला मांडीवर घेतलं. एकदम मऊ आवाजात बोलले, "काकू, भांडी सुरेख ठेवलीयत. हे नाव कोणाचं?"

काकू पण पटकन बोलली, "शेजारणीचं. ती गेली शिमग्याला, भांडी ठेवून गेली माझ्याकडं."

"पिंपासकट?"

काकू पदराने पिंपाचा नळ पुसायला लागली.

"बरं. आज पाणी किती वाजता आलं?"

"न्हेमीच्याच टायमाला."

"नेहमीचा टाइम कुठला?"

काकूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पप्पा नंतर मला बोलले, खरा माणूस आधी आठवतो मग सांगतो, खोटा माणूस आधी सांगतो मग आठवतो. पण पाण्याचा टाइम चाळीतल्या बाईला आठवायला लागत नाही, झोपेत पण सांगेल ती. काकूला ना आठवता आलं, ना सांगता आलं. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मला काय म्हाईत नाय वो साहेब. त्यो म्हणला नुसतं बसायचं, पाणी द्यायचं, मेलेल्या नवऱ्याची आठवण काढून थोडं रडायचं. मला वाटलं, भांडी कोण वाचतंय?"

तिचं रडणं ऐकून चिऊने तिच्यापुढे बिस्कीट धरलं.

बाहेर एजंटला आतला आवाज लागला वाटतं. एकदम धावला जिन्याकडे. हे ओरडले, "ए, पकडा!" पण पकडायला माळ्यावर होतं कोण? तरी तो गेला नाही. खालून गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन येत होता, आणि चाळीचा जिना तो, त्यात एक माणूस नीट जात नाही. एजंट बोलला, "बाजूला हो." गॅसवाला बोलला, "बाजूला कुठे होऊ, भिंतीत? तू मागे जा." "अरे अर्जंट आहे!" "मला काय हौस आहे काय हे घेऊन उभा राहायची?" त्या दोघांचं भांडण चालू तोवर आमच्या ह्यांनी मागून एजंटची कॉलर धरली. गॅसवाल्याने सिलिंडर पायरीवर आडवा ठेवला, त्याच्यावर बसला आणि शांतपणे विचारलं, "काय केलं ह्याने?"

पप्पांनी फोन लावला. पोलीस ठाण्यातून मॅडम आल्या, त्या पूर्वी पप्पांच्या हाताखाली होत्या. "काय साहेब, रिटायर होऊन पण आम्हाला कामाला लावताय," असं बोलत जिना चढल्या. मग पंचनामा. मला वाटायचं पंचनामा म्हणजे काहीतरी भयंकर असणार. मॅडम सांगतायत, शिपाई लिहितोय, स्टीलचा पेला एक, वाटी एक, ताटली एक, पिंप नळासह एक. मग मॅडम चिऊसमोर बसल्या, "आणि बाळा, तो तोंडातला चमचा पण मुद्देमाल आहे, देतेस?" चिऊने चमचा पाठीमागे लपवला. शेवटी शिपायाने आपल्या खिशातली शिट्टी दिली तेव्हा सुटला. मग पूर्ण चाळीत शिट्टी.

माझा जबाब घेताना पप्पा बाजूला बसायला लागले तर मॅडम बोलल्या, "साहेब, बाहेर. साक्षीदाराला एकटंच विचारायचं, तुम्हीच शिकवलंत." पप्पा गपचूप उठले. मी घाबरले, पण बोलत गेले. बोलता बोलता माझा श्वास लागला, मॅडमनी मला पाणी दिलं, आणि मी तो पेला पण फिरवून बघितला. मॅडम एवढ्या हसल्या.

खोलीची खरी भाडेकरू कोण, हे पहिल्या माळ्यावरच्या वहिनीने सांगितलं, ती त्याच सकाळी गावाहून परतलेली, आवाज ऐकून वर आली. एक मालवणी आजी, एकटी राहते, शिमग्याला गावाला गेलेली. जाताना ह्याच एजंटला रंग काढायला सांगितलेलं, चावी त्याच्याकडे. म्हणून दारावरची पाटी उतरवलेली, भिंतीवरचे फोटो उतरवलेले, आणि आम्हाला काही खटकलंच नाही, रंगकामात हे सगळं उतरवतातच. कागद त्याने बनवले, काकू भाड्याने आणली, फोटो पेटीत घातले. फक्त भांडी तेवढी राहिली. वहिनीने आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पालखी नाचत होती, ढोल असा की कानठळ्या. वहिनी ओरडते, "आजी, तुमच्या खोलीत पोलीस आलेत!" आजी हात जोडून बोलते, "हां हां, तुका पण शिमग्याच्या शुभेच्छा!"

चार वेळा सांगितलं तेव्हा कळलं तिला. पालखी मार्गी लावून मगच निघाली. आली ती थेट खोलीत, पिशवी पण खाली न ठेवता. मी पप्पांबरोबर सांगायला गेलेले. आजी भिंतीकडे बघत बोलली, "रंग मात्र बरो दिल्यान मेल्यान." मग मांडणीकडे वळली. "माझो पेलो खंय? वाटी खंय? आणि पिंप? पाणी कशात भरू आता, टोपीत?"

पप्पा बोलले, "आजी, तो मुद्देमाल आहे. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मिळणार नाही."

"चोरान नेल्यान नाय, ता पोलिसांनी नेल्यानी!" आजी बोलली. दुसऱ्या दिवशी पप्पा स्वतःच्या हाताने आमच्या घरचं पिंप रिक्षात घालून तिच्याकडे पोचवून आले.

मग आजीने मला जवळ बोलावलं. "तू वाचलंस गो माझा नाव?" मी मान हलवली. "आणि तुका खोली होयी होती ना? मगे आता?"

मला रडायलाच आलं. सगळं चांगलं झालेलं, पैसे वाचलेले, चोर पकडलेला, पण खोली तर गेलीच ना. ते ऊन गेलं. मुदत तशीच पुढे उभी. मी सांगितलं सगळं, क्वार्टरचं, चिऊच्या बालवाडीचं, पप्पांच्या कट्ट्याचं. आजी ऐकत होती. मग तिने केस उलटी फिरवली, आता उलटतपासणी माझी.

"मासे खातंस?" "कोळीण आहे आजी." "दार दिवसा उघडा ठेवतलंस?" "हो." "वाटी घेतलीस तर रिकामी परत आणतलंस?" मी बोलले, "नाही आजी, रिकामी कधीच नाही, निदान साखर तरी." आजी पप्पांकडे बघून बोलली, "पोरगी बरी आसा. माझ्या बाजूचो म्हातारो-म्हातारी कायमची गावाक चललीत. खोली देवची हा तेंका, पण माणूस बघून. मी सांगतंय तेंका."

ह्या वेळी पप्पांनी एक पण पायरी सोडली नाही. शिमग्याहून सगळी परत येईपर्यंत थांबले. मग माळ्यावरच्या प्रत्येक दारात गेले, आजी पुढे, पप्पा मागे. झालं उलटंच, त्यांनी चाळीची चौकशी करायच्या ऐवजी चाळच आमची चौकशी करत होती. मालकाच्या ऑफिसात मेहताजी समोर बसला, म्हातारा-म्हातारी समोर बसली, मालकाचा वाटा मालकाला, त्यांचा त्यांना, आणि पावती आमच्या ह्यांच्या नावावर. क्वार्टरची चावी आम्ही मुदतीच्या आत जमा केली. ह्या खोलीला खिडकी एकच आहे. पण सकाळी ऊन येतं, जरा तिरकं, आणि चिऊ त्यातच बसते.

पप्पांचा कट्टा आता खाली नाक्यावर भरतो. कोणी खोली घ्यायला निघाला की त्यांच्याकडे सल्ला मागायला येतो. पप्पा पावती सांगतात, मेहताजी सांगतात, मीटर सांगतात, आणि शेवटी बोलतात, "आत गेलास की पाणी माग." एकदा मला बोलले, "कागद एका दुपारात होतो गं. भांडी जमायला जन्म जातो. एवढी वर्षं नोकरी केली, हे मला सुचलं नाही." मी बोलले, पप्पा, मला पण सुचलं नव्हतं, मी नुसती घाबरले होते. आणि ते खरं आहे. मला कोणी विचारलं तर ह्या केसमधून मी एवढंच शिकले, की घाबरलेलं असलं तरी वाटी मागता येते. ओरडायला धीर लागतो. वाटी मागायला लागत नाही.

मुद्देमाल सुटून आला त्या दिवशी आजी पिंप घेऊन गेली, आमचं आम्हाला परत मिळालं. पण पेला तिने माझ्या हातात ठेवला, शिरा भरून. "ह्यो तुझो." मी बोलले, आजी, ह्यावर आता माझं नाव घालून घेऊ का खाली? तर आतून पप्पा ओरडले, "पुराव्यात फेरफार करायचा नाही!"

म्हणून तो तसाच आहे. माझ्या घरात, माझ्या मांडणीवर, आजीच्या नावाचा पेला. पाहुणा आला की मी त्याच पेल्यातून पाणी देते आणि गुपचूप बघत राहते. अजून एकानेही फिरवून बघितला नाही, सगळे पितात आणि ठेवून देतात.

आता तुम्हीच खरं सांगा. तुमची मुदत संपत आलीय, खोलीत ऊन आलंय, तुमची मुलगी त्यात बसलीय, नवऱ्याने बॅगेची चेन उघडलीय, आणि हातातल्या पेल्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. तुम्ही काय केलं असतं? वाटी मागितली असती, की पाणी पिऊन पेला खाली ठेवला असता?